धुराचा कर कोणाच्या डोक्यावर?

(बिद्री, ता. कागल, जि. कोल्हापूर इथे ऊसतोड कामगार आणि आसपासच्या धनगरवाड्यांतले लोक यांची बैठक जानेवारी 2026 मध्ये झाली. तिथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा.)



दिवसभर कोयता चालवून तुम्ही आलात. पहाटे परत गाडी भरायची आहे. म्हणून लांबण लावत नाही. पण विषय नवा आहे, थोडा वेळ लागेल. बाळ रडलं तर रडू द्या, कोणी उठून जाऊ नका.

आम्ही सातपुड्यातले, अक्राणीच्या बाजूचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन निघतो आणि होळीपर्यंत परक्याच्या फडात राहतो. यंदा बिद्रीला आलो. समोर कारखान्याची चिमणी दिसते, तिचा धूर रात्रंदिवस चालू आहे. आज याच धुराबद्दल बोलायचं आहे. कारण यंदा गावातून निघताना धुराचाच एक कागद आमच्या पाड्यावर आला होता.

झालं असं. निघायच्या आठ दिवस आधी दोन माणसं गाडीतून आली. बोलायला चांगली होती. म्हणाली, तुमच्या सामूहिक जंगलात आम्ही झाडं लावू, जुनी झाडं सांभाळू, त्या झाडांनी हवेतला कार्बन शोषला की कंपनीला त्याचं सर्टिफिकेट मिळेल, ते विकून तुम्हाला दरवर्षी पैसे देऊ. फक्त इथे सही करा. करार चाळीस वर्षांचा. कागद सगळा इंग्रजी, मागे मराठीत अर्धं पान. त्या अर्ध्या पानात चराईचं नाव नव्हतं, मोहाचं नव्हतं, सरपणाचं नव्हतं.

आमच्यातलेच काही म्हणाले, सही करू, निदान उचल तरी फिटेल. त्यांना आम्ही वाईट म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला पैसा दिसला की हात पुढे जाणारच. पण म्हातारे म्हणाले, होळीला सगळे परत आल्यावर ग्रामसभा बसेल, तोपर्यंत कागद ठेवून घ्या. तो कागद आम्ही ठेवून घेतला आहे. होळीला निर्णय करायचा आहे. त्याआधी आपल्याला समजलं पाहिजे की शहरातल्या कंपनीला आमच्या मोहाच्या झाडाचं एवढं प्रेम अचानक का आलं.

शोधलं तेव्हा कळलं. जगात आता वस्तूवर तिच्या धुराप्रमाणे कर लावायची गोष्ट चालू आहे. कुठे लागलाय, कुठे लागणार आहे. ज्याचा धूर जास्त त्याला कर जास्त. मग ज्याला धूर कमी करायचा नाही तो म्हणतो, माझा धूर राहू दे, मी दुसऱ्याच्या जंगलात तेवढी झाडं दाखवतो. ते दुसऱ्याचं जंगल म्हणजे आपलं.

म्हणून आधी धुराचा हिशेब समजून घेऊ.

डिझेल जळलं की त्यातला कार्बन हवेतल्या प्राणवायूला चिकटतो आणि एक वायू तयार होतो. तो डोळ्याला दिसत नाही. एक लिटर डिझेलचं वजन किलोला कमीच भरतं, पण ते जळून होणारा वायू अडीच किलोच्या वर भरतो, कारण हवेतला प्राणवायू त्यात येऊन मिळतो. हा वायू पृथ्वीवर गोधडीसारखा बसतो आणि ऊब धरून ठेवतो. उन्हाळा वाढला, पाऊस वेळेवर येईना, आला तर एकदम कोसळतो. याचं एक मोठं कारण तेच. ज्यांनी सगळ्यात कमी जाळलं त्यांची ज्वारी आणि मका आधी जातो.

आता प्रत्येक वस्तूच्या मागे असा धूर लपलेला असतो. आपण कोपीत सकाळी चहा करतो. त्यातली साखर घ्या. उसाला युरिया लागला, तो कारखान्यात गॅस जाळून बनतो. पाणी द्यायला मोटर चालली, ती विजेवर, आणि वीज बहुतेक कोळशावर. ऊस ट्रॅक्टरने नेला, ते डिझेल. मग कारखान्यात बॉयलर पेटला. तिथे मात्र उसाचा भुस्साच जाळतात. तो ऊस वाढताना जेवढा कार्बन हवेतून ओढतो तेवढाच जळताना सोडतो, म्हणून त्याचा हिशेब कोळशापेक्षा हलका धरतात. मळीपासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतात. म्हणजे धुराच्या वहीत साखर कारखाना तसा बरा दिसेल.

पण त्या वहीत आणखी काय लिहायचं राहतं ते बघा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई त्यात नाही. तिच्या कमरेचा हिशेब नाही. शाळा सुटलेलं पोर नाही. म्हणून पहिली गोष्ट मनात धरा, धुराची वही खरी असली तरी ती सगळ्या गोष्टींची वही नाही.

लोखंडाचं पण तसंच. युरोपातल्या देशांनी 1 जानेवारी 2026 पासून बाहेरून येणारं लोखंड, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत यांच्या धुराचा हिशेब करून त्याप्रमाणे पैसे घ्यायचा नियम लागू केला आहे. आपल्या देशातलं लोखंड तिकडे गेलं तर त्यालाही तो लागणार. त्यात भट्टीचा धूर मोजतात. पण खाणीसाठी डोंगर फोडला, जंगल तोडलं, ते त्या हिशेबात येत नाही. गडचिरोलीत सूरजागडच्या डोंगरात लोहखाण झाली, तिथल्या आदिवासींनी वर्षानुवर्षं विरोध केला. त्या डोंगरातल्या लोखंडाच्या धुराचा हिशेब होईल, पण डोंगर कोणत्या रकान्यात लिहिणार?

आता कराकडे येऊ. कर लावणारे म्हणतात, धुराची वस्तू महाग केली की लोक ती कमी घेतील, सवय बदलेल. हे खोटं नाही. ज्याच्या घरात तीन गाड्या आहेत तो पेट्रोल महाग झालं की कदाचित एक विकेल. ज्याच्या घरी चार खोल्यांत एसी आहे तो दोन बंद करेल. पण सवय बदलायला आधी सवय असावी लागते, आणि दुसरा रस्ता असावा लागतो. आमच्या पाड्यावर एसटी येत नाही. आजारी माणसाला न्यायचं तर जीपच करावी लागते. डिझेल दहा रुपयांनी महाग केलं तर जीपवाला भाडं वाढवणार, आणि आजारी माणूस दवाखान्यात जायचं टाळणार. ही सवय बदलली का? याला गरज मारणं म्हणतात.

फ्रान्स देशात 2018 मध्ये हेच झालं. सरकारने डिझेल-पेट्रोलवरचा कर वाढवायचं ठरवलं. खेड्यातून गाडीने कामाला जाणारे लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरले. महिनाभरात सरकारला ती वाढ थांबवावी लागली. ते लोक निसर्गाचे शत्रू नव्हते. त्यांच्या गावाला बस नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं झालं, आपल्याकडे कुठे असा कर आहे? आपल्याकडे होता, आणि तो तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भरला. 2010 साली केंद्र सरकारने कोळशावर उपकर लावला. टनाला 50 रुपये. 2014 ला 100 झाले, 2015 ला 200, 2016 ला 400. सांगितलं असं की या पैशातून सूर्याची, वाऱ्याची स्वच्छ वीज उभी करू. त्यासाठी वेगळा निधी पण केला.

हा 400 रुपयांचा कर आपल्या घरात कसा येतो? एक टन कोळसा जाळला तर साधारण दीड हजार युनिट वीज होते. म्हणजे युनिटला पाव रुपयाच्या आसपास. लाईटबिलात त्याचं वेगळं नाव दिसत नाही. पण ज्या घरात एक दिवा आणि एक पंखा आहे तेही भरतं. सिमेंटच्या गोणीत, लोखंडी पत्र्यात पण तो थोडा थोडा येतो.

आणि पैसा कुठे गेला? 2010-11 पासून 2017-18 पर्यंत या उपकरातून 86 हजार कोटींच्या वर रुपये जमले. त्यातले स्वच्छ विजेच्या निधीत गेले साडे एकोणतीस हजार कोटींच्या आसपास. आणि त्यातून प्रकल्पांना दिले सुमारे 16 हजार कोटी. शंभर रुपये जमले असं धरा, तर ज्या कामासाठी घेतले त्या कामाला अठरा-एकोणीस रुपये लागले. 2017 ला जीएसटी आला. मग तो 400 रुपयांचा उपकर राज्यांची नुकसानभरपाई भरायला वळवला. सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकर काढून टाकला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के केला. आता त्या पैशाला धुराचं नावसुद्धा राहिलं नाही.

ज्या गावांच्या खाली कोळसा होता, चंद्रपुरात, झारखंडात, छत्तीसगडात, त्यांच्या ग्रामसभेला या करातला वाटा कोणी विचारून दिला नाही. त्या गावांनी जमीन दिली, धूळ खाल्ली, आणि बल्ब लावला तेव्हा कर पण भरला.

मग आम्ही काय म्हणतो? धुरावर कर नकोच म्हणतो का? नाही. आम्ही म्हणतो, कर लावा. ज्याने जास्त जाळलं त्याने जास्त भरावं यात काही चूक नाही. आमचं भांडण दोन गोष्टींवर आहे, कर कोणाच्या कशावर लागतो, आणि जमलेला पैसा कुठे जातो.

यातली दुसरी गोष्ट आधी बोलू, कारण तिचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडतं.

इथून जवळच सांगली जिल्हा. तिथे तासगाव तालुक्यात विसापूरला 1965 साली वि. स. पागे यांनी एक प्रयोग केला. मजुराने काम मागितलं तर काम द्यायचं. 1972 च्या दुष्काळात हजारो लोक खडी फोडायला उतरले, तेव्हा हीच योजना राज्यभर झाली. पण योजनेला पैसा कुठून आणायचा? 1975 साली सरकारने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातला पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्यावर कर. आजही पगाराच्या चिठ्ठीत तो कापलेला दिसतो. आणि तो पैसा रोजगार हमीसाठी बांधून टाकला. जेवढा कर जमेल तेवढेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे. 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मजुराच्या हातात कायदा आला, काम द्या नाहीतर भत्ता द्या.

नीट बघा, यात काय होतं. कर कोणी भरायचा ते ठरलेलं. पैसा कशाला लागेल ते कायद्यात लिहिलेलं. आणि ज्याच्यासाठी पैसा आहे त्याला मागायचा हक्क. कोळशाच्या उपकरात पहिली गोष्ट धूसर होती, दुसरी सरकारने बदलली आणि तिसरी नव्हतीच. म्हणून तो पैसा वाहून गेला. रोहयोत भानगडी झाल्या नाहीत असं आम्ही म्हणत नाही. खोटी मस्टर झाली, मजुरी महिनोन् महिने अडकली. पण कागद हातात होता म्हणून मोर्चा काढता आला. कोळशाच्या उपकरावर आपण कुठल्या कागदाच्या जोरावर मोर्चा काढणार होतो?

दुसरं उदाहरण तुमच्या हातातलं. तुम्ही तोडलेल्या प्रत्येक टन उसावर कारखान्याने 10 रुपये द्यायचे आणि सरकारने त्यात तेवढेच घालायचे, असं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ठरलेलं आहे. त्यातून पोरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं. चांगली गोष्ट आहे. आता आम्ही विचारतो, इथे बसलेल्यांपैकी किती जणांकडे महामंडळाचं ओळखपत्र आहे? हात वर करा.

(चार हात वर झाले.)

चार. या कोपीत आम्ही मोजले तेव्हा शाळेच्या वयाची एकोणीस पोरं होती. टनाला 10 रुपये जमा होतात आणि पोरं फडात वाढे गोळा करतात. म्हणून कर लागला, निधी झाला, की आपण घरी जाऊन झोपायचं नाही. पैशाच्या मागे चालत जायचं.

आता पहिली गोष्ट, कर कोणाच्या कशावर. एक हिशेब करू. पोरांनो, बोटांवर मोजा.

समजा दहा घरं आहेत. नऊ घरं महिन्याला 30-30 युनिट वीज वापरतात. दहावं घर बंगला आहे, तिथे 730 युनिट लागतात. सगळे मिळून 1000 युनिट. युनिटला पाव रुपया धुराचा कर लावला. किती जमले? 250 रुपये. आपल्या एका घराने भरले साडेसात रुपये. बंगल्याने भरले 182 रुपये 50 पैसे.

आता हे 250 रुपये सरकारने तिजोरीत ठेवून घेतले तर आपले साडेसात गेले ते गेले. बंगल्याला 182 जाणवणार पण नाहीत. पण तेच 250 रुपये दहा घरांत सारखे वाटले तर? घराला 25 रुपये. आपण साडेसात दिले, पंचवीस आले. साडेसतरा रुपये घरात राहिले. बंगल्याचे दीडशेच्या वर गेले. कर तोच, दर तोच, वीज तीच. फरक फक्त पैसा परत वाटला का नाही याचा.

हे आमच्या डोक्यातलं स्वप्न नाही. कॅनडा देशाने 2019 पासून पेट्रोल, डिझेल आणि घर गरम ठेवायच्या गॅसवर असा कर लावला आणि बहुतेक पैसा घरटी परत दिला. तरी 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांना तो लोकांवरचा कर बंद करावा लागला. पंपावर कर रोज दिसायचा, परत आलेला पैसा कोणाच्या ध्यानात राहायचा नाही, आणि विरोधकांनी त्याच्यावरच निवडणुकीचा प्रचार केला. यातून आपण हे शिकायचं की पैसा परत देताना तो हातात, नावानिशी, सगळ्यांदेखत दिला पाहिजे. आणि आपल्याकडे अंगठा लागत नाही, बँक वीस किलोमीटरवर, खातं बंद पडलेलं, हे सगळं धरून दिला पाहिजे. नाहीतर वाटपातसुद्धा आपणच शेवटी.

आता कोणी म्हणेल, तुम्ही आदिवासी लोक चूल पेटवता, तुमचा धूर नाही का? खरं बोलायचं तर आहे. पण कोळसा जमिनीखालून काढून जाळला तर तो कार्बन हवेत नवा येतो. पडलेली काटकी जाळली आणि जंगल जागेवर राहिलं, तर तोच कार्बन झाडं परत ओढून घेतात. ग्रामसभा जंगल राखते तिथे हा हिशेब जुळतो. मात्र चुलीचा धूर आपल्या आयांच्या छातीत जातो, डोळे चुरचुरतात, ते खोटं नाही. आम्हाला पण गॅस हवा आहे. 2016 पासून उज्ज्वलाच्या टाक्या आल्या. टाकी आली, पण परत भरायला पैसे नाहीत म्हणून ती कोपऱ्यात उभी आहे, वर कोंबडी बसते. मग सांगा, धुराचा कर गॅसवर पण लावला तर आमची बाई चुलीकडेच परत जाईल ना? म्हणून धुराचा कर लावणाऱ्याने आधी बघावं, गरिबाला ज्या वस्तूने धुरातून सोडवायचं तीच वस्तू महाग होते आहे का.

आणि आपण स्वतःकडेही बघू. या कोपीच्या मागे गुटख्याच्या, कुरकुऱ्याच्या पुड्यांचा ढीग आहे. रात्री आपण तो पेटवतो आणि त्याच धुरात पोरं झोपवतो. गावाकडे लग्नात पळसाच्या पत्रावळी गेल्या, थर्माकोलच्या ताटल्या आल्या. मोटारसायकल हप्त्यावर घेतली आणि हप्त्यासाठी दुप्पट उचल घेतली. हे आपल्याला कोणी कर लावून शिकवायची गरज पडू नये. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. पण बंदीपेक्षा पाड्यावर दोन बायांनी पत्रावळी लावल्या, लग्नाच्या घराने त्या विकत घेतल्या, तर सवय लवकर बदलते. बचत गटाने हे काम यंदाच्या लग्नसराईत करावं असं आमचं म्हणणं आहे.

आता परत त्या कागदाकडे येऊ.

2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये 1809 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. त्यांनी बांबू स्वतः विकला. कोणाला चाळीस वर्षं लिहून दिलं नाही. दाव्याची चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणाला जागेवरून हलवता येत नाही, हे पण त्याच कायद्यात आहे. धनगरवाड्यातल्या पाहुण्यांसाठी सांगतो, तुमचा दावा इतर पारंपरिक वननिवासी म्हणून होतो, तीन पिढ्यांचा पुरावा लागतो. म्हाताऱ्या माणसांचा जबाब हाही पुरावा आहे. दाजीपूरच्या अभयारण्याच्या हद्दीत आहोत म्हणून हक्कच नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कायदा अभयारण्यालाही लागू आहे.

आणि 2023 मध्ये सरकारने ग्रीन क्रेडिटचे नियम केले. त्यात ओसाड वनजमिनीवर झाडं लावायला पैसे दिले की कंपनीला क्रेडिट मिळतं. कागदावर जी जमीन ओसाड असते ती आपल्यासाठी चराई असते. तिथे गवत असतं, तिथे पावसाळ्यात रानभाजी येते, कुणाच्या दाव्याची फाईल प्रांत ऑफिसात पडलेली असते. तिथे तारेचं कुंपण पडलं की दावा कागदावर राहतो आणि जमीन कुंपणात जाते.

म्हणून असा कागद घेऊन कोणीही आलं तर चार प्रश्न विचारा. पाठ करा.

एक. हा कागद आमच्या बोलीत ग्रामसभेपुढे पूर्ण वाचणार का? अर्धं पान चालणार नाही.

दोन. चराई, मोह, चारोळी, तेंदू, सरपण, देवाची जागा, यातलं काय बंद होणार आणि किती वर्षं?

तीन. आमच्या झाडाच्या नावावर कोणाचा धूर चालू राहणार? त्या कंपनीचं नाव सांगा. ती किती पैसे देते आणि आमच्यापर्यंत किती येतात?

चार. आग लागली, दुष्काळ पडला, झाडं मेली, तर नुकसान कोणाचं? आणि आम्हाला मधेच करार मोडायचा असेल तर काय?

उत्तर लेखी मागा. लेखी मिळालं नाही तर सही नाही. आणि सरपंचाची एकट्याची सही म्हणजे ग्रामसभेची सही नव्हे.

आता आमच्या मागण्या थोडक्यात. या बैठकीत मान्य झाल्या तर तहसीलला आणि मंत्रालयाला पाठवू.

धुराचा कर लावायचा तर रेशन, एसटी, घरगुती गॅसची टाकी आणि पहिले शंभर युनिट वीज यांना हात लावू नका. विमान, मोठ्या गाड्या, बंगल्यांचे एसी, मॉल यांच्यावर लावा. जमलेला पैसा रोहयोसारखा कायद्याने बांधा, दरवर्षी हिशेब छापा. त्यातला एक वाटा माणशी सारखा परत द्या. दुसरा वाटा जंगल राखणाऱ्या ग्रामसभेच्या खात्यात द्या. तो कोणाच्या धुराच्या बदल्यात नको, राखणीची मजुरी म्हणून द्या. आणि वनहक्काचे दावे निकाली काढल्याशिवाय कुठल्याही जंगलात कार्बनचा करार नको.

राखणीची मजुरी का म्हणतो? आमच्या गावात उन्हाळ्यात पाळी लावून लोक रात्री आग विझवायला जातात. पाय भाजतात. त्या रात्रीची मजुरी आजपर्यंत कोणी दिली नाही. आम्ही मागितली पण नाही, कारण जंगल आपलं आहे. पण आता तुम्ही त्या जंगलाचा भाव करता आहात, बाजारात विकता आहात, तर मग पहिला हिशेब राखणाऱ्याचा करा.

आम्ही त्या उचलवाल्या भावांना पण सांगतो. उचल मोठी आहे, खरं आहे. पण उचल एका हंगामात फिटते, नाहीतर दुसऱ्या. चाळीस वर्षांचा कागद पोराच्या पोरापर्यंत जातो. ते पोर अजून जन्मायचं आहे आणि त्याला आपण आताच मुकादम बसवून द्यायचा का?

होळीला घरी पोचलो की आठ दिवसांत ग्रामसभा लावू. तो कागद तिथे वाचू, बायांना आधी बोलू देऊ. निर्णय काहीही झाला तरी सगळ्यांचा होईल, आणि पुढच्या अंकात लिहून कळवू. ज्या पाड्यावर असा कागद आला असेल त्यांनी तो जाळू नका, फाडू नका, त्याची झेरॉक्स आमच्याकडे पाठवा. सगळ्यांचे कागद एकत्र ठेवले की खेळ कळेल.

आता जेवण करा. ज्यांची पाळी पहाटेची आहे त्यांनी आधी बसा. आणि ओळखपत्र नसलेल्यांनी झोपायच्या आधी वहीत नाव लिहून जा, उद्याच अर्ज भरायला सुरुवात करू.

आमु आखा एक से! जोहार.